तीन वर्षांच्या पोरीला ज्वालामुखी दाखवायला न्यावं का?

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा सात वर्षांचा, ज्वालामुखीचं वेड लागलेला, मुलगी तीनची, एका जागी पाच मिनिटं न टिकणारी. मुलाला हलका दमा आहे, पंप सोबत असतो. साताऱ्याहून सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आलेत आणि एप्रिलमधल्या स्प्रिंग ब्रेकला सगळ्यांनी मिळून हवाईच्या बिग आयलंडला जायचं घाटतंय. नवऱ्याला बोटीतून समुद्रात पडणारा लाव्हा बघायचाय, मित्रमंडळी सांगतायत मौना केआ या तिथल्या उंच शिखरावरचा सूर्यास्त चुकवू नका, आणि सासूबाईंचं म्हणणं की आगीच्या डोंगरात लेकरं घेऊन जायचंच कशाला. ती विचारते, "न्यावं की नाही? आणि एवढा खर्च करून लाव्हा दिसलाच नाही तर मुलाची समजूत कशी काढू?"

अगं, ने. नक्की ने. पण लाव्हा बघायला म्हणून नेऊ नकोस, ज्वालामुखी बघायला म्हणून ने, या दोन्हीत खूप फरक आहे आणि तुझी सगळी ट्रिप त्या फरकावर उभी राहणार आहे.

आधी नवऱ्याचं बोलते, कारण बुकिंग तोच करणार असं पत्रावरून वाटतंय. समुद्रात लाव्हा पडतानाचे जे फोटो आणि व्हिडिओ फिरतात ते जुने आहेत. तिथल्या किलाउएआ ज्वालामुखीच्या पूर्वेकडच्या अंगाचा जो उद्रेक १९८३ मध्ये सुरू झाला तो तब्बल ३५ वर्षं चालला आणि २०१८ मध्ये संपला. त्या वर्षी मे ते ऑगस्ट खालच्या वस्तीतून लाव्हा वाहिला, ७०० हून जास्त घरं गेली, आणि तेव्हापासून समुद्रात लाव्हा पडत नाहीये. म्हणजे ती बोट आता नाहीच. आणि असती तरी मी नको म्हटलं असतं, कारण २०१८ च्या जुलैमध्ये पाण्यात स्फोट होऊन लाव्हाचा गोळा टुरिस्ट बोटीचं छत फोडून आत आला होता, २३ माणसं जखमी झाली. तीन वर्षांच्या पोरीला घेऊन तिथे कोण बसणार.

आता सध्या काय चाललंय ते सांगते. २३ डिसेंबर २०२४ पासून किलाउएआच्या माथ्यावरच्या हालेमाउमाउ या विवरात लाव्हाची कारंजी उडायला लागली, पण सलग नाही, एपिसोडमध्ये. एक एपिसोड बहुतेक वेळा काही तास, कधी दिवसभर किंवा त्याहून जास्त, मग कित्येक दिवस, कधी दोन-तीन आठवडे सगळं गप्प, मग परत. कारंजं काही वेळा हजार फुटांच्या वर गेलंय. तुमचे पाच-सहा दिवस त्या गप्प काळात पडणं अगदी शक्य आहे. तिथली ज्वालामुखी वेधशाळा १९१२ पासून काम करतेय, त्यांच्या साइटवर रोजचा अपडेट येतो, पुढचा एपिसोड साधारण कधी होईल याचा अंदाज येतो, विवरावर लाइव्ह कॅमेरे पण आहेत. निघायच्या आधी महिनाभर मुलाला रोज संध्याकाळी ते कॅमेरे दाखव. एकदा का त्याने घरी बसून धुमसणारं आणि गप्प असलेलं विवर दोन्ही बघितलं की त्यालाच कळेल की हा डोंगर कधी जागा असतो कधी झोपलेला असतो, आणि तिथे गेल्यावर झोपलेला भेटला तरी तो ओळखीचा वाटेल. समजूत काढायची वेळच येणार नाही, किंवा आली तरी निम्मं काम झालेलं असेल.

अजून एक तयारी घरीच कर. मुलांच्या डोक्यात ज्वालामुखी म्हणजे शाळेतला खायचा सोडा आणि व्हिनेगरवाला टोकदार डोंगर असतो. किलाउएआ तसा दिसतच नाही. तो पालथ्या परातीसारखा पसरट आहे, गाडी वर चढतेय हे पण कळत नाही आणि एकदम समोर भलामोठा खड्डा येतो. हे आधी सांगितलं नाही तर पोरगा कठड्याशी उभा राहून विचारेल की डोंगर कुठाय. मी काय केलं होतं ते सांगते. एका गॅसवर पिठलं ठेवलं, शेजारी पातळ आमटी. आमटीतून वाफ सहज सुटते, नुसते बुडबुडे येतात. पिठलं घट्ट झालं की वाफ आत अडकते आणि मग फट्कन फुटून भिंतीवर शिंतोडे. हवाईचा लाव्हा आमटीसारखा पातळ, त्यातला वायू सुटायला जागा असते, म्हणून माणसं एवढ्या जवळ जाऊ शकतात. जपानमधले, इंडोनेशियातले पुष्कळसे डोंगर पिठल्याच्या जातीचे. आणि दुधावर साय धरली की चमच्याने हलकेच सरकव, तिला ज्या सुरकुत्या पडतात ना, तशाच सुरकुत्यांचा दगड तिथे मैलोनमैल पसरलाय, त्याला पाहोएहोए म्हणतात. काटेरी, खडबडीत लाव्हाला आआ. दोन्ही शब्द हवाईचेच, आणि आपल्या सह्याद्रीचा अभ्यास करणारे लोकही हेच शब्द वापरतात.

इथे तुझे सासरे तुझा सगळ्यात मोठा ठेवा आहेत हे लक्षात घे. अजिंक्यताऱ्याचा काळा कातळ म्हणजे लाव्हाच की. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून थरावर थर ओतला गेला आणि त्यातून आपलं दख्खनचं पठार झालं, सह्याद्रीच्या कड्यांवर ज्या पायऱ्या-पायऱ्या दिसतात ते ते थर. ज्या तप्त ठिकाणावरून ते झालं ते आता हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे, तिथला ज्वालामुखी आजही जागा आहे. आजोबांनी नातवाला हे सांगितलं की "आपल्या गावचा किल्ला ज्यावर उभा आहे तो दगड पण एकदा असाच लाल होता", तर त्याचं वजन कुठल्याही माहितीपटापेक्षा जास्त पडेल. आणि किलाउएआ ज्यात आहे त्या हवाई व्होल्कॅनोज नॅशनल पार्कमधल्या चेन ऑफ क्रेटर्स रोडवर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना १९६९ ते १९७४ मध्ये वाहिलेला लाव्हा आहे. म्हणजे तो दगड आजोबांपेक्षा लहान! आमच्या धाकटीला हे सांगितल्यावर ती वाकून त्या दगडाला हात लावून विचारत बसली की मग याला शाळेत कधी घालणार. भेगेतून बोटभर नेचा उगवलेला असतो, कुठे कुठे ओहिआच्या झाडाला लाल झुबक्यांची फुलं. तिथे गाडी लावून अर्धा तास काही न करता बसलात तरी चालेल.

आम्ही २०२२ च्या जूनमध्ये गेलो होतो, तेव्हा विवरात लाव्हाचं तळं होतं, म्हणजे "दिसणारच" अशी खात्री होती. पहिल्या संध्याकाळी काठावर पोचलो तर इतकं धुकं की स्वतःचा हात दिसेना. पाऊस, गार वारा, धाकटी चार वर्षांची, रडवेली. लोखंडी कठड्यावरून थेंब ओघळतायत आणि पलीकडे नुसतं पांढरं. दोन तास थांबलो, काही नाही. परत येताना वाफेच्या भेगा आहेत त्यांच्यापाशी थांबलो, तिथे जमिनीत मुरलेलं पावसाचं पाणी खालच्या तापलेल्या दगडांपर्यंत पोचतं आणि वाफ होऊन वर येतं. चुलीवर पाणी सांडल्यावर येतो तसा ओला, भाजका वास, आणि ऊब. पोरीने गारठलेले तळहात लांबूनच त्या उबेकडे धरले आणि रडणं थांबलं. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्हाला ढगांच्या पोटावर केशरी उजेड दिसला, सुंदरच होता, पण आजही तिला विचारलं तर ती "जमीन गरम होती" हेच सांगते. लहान मुलांचा ज्वालामुखी हा असा हाताला, नाकाला लागणारा असतो, लांबवरची लाल रेघ ही आपल्याला हवी असते. (वाफेच्या फार जवळ मात्र जाऊ द्यायचं नाही, भाजतं, आणि कठडा ओलांडायचाच नाही.)

आता पहाटेचं सांगते कारण हे फार कामाचं आहे. एप्रिलमध्ये हवाईचं घड्याळ तुमच्यापेक्षा तीन तास मागे असतं. घरी सहाला उठणारी पोरं तिथे पहाटे तीनला टक्क जागी. सगळे आईबाप त्यांना परत झोपवायच्या मागे लागतात, तू लागू नकोस. पार्क चोवीस तास उघडं असतं. थर्मासमध्ये दूध, डब्यात ठेपले, पोरांना जॅकेट घालून सरळ गाडीत बसवायचं आणि चार-साडेचारला काठावर. अंधारात विवरात काही धगधगत असेल तर तेव्हाच सगळ्यात छान दिसतं, पार्किंग रिकामं असतं, आणि सूर्योदयापर्यंत तुम्ही नाश्त्याला मोकळे. संध्याकाळी त्याच जागी गाड्यांची रांग लागते, एपिसोड चालू असेल तर विचारूच नको, आणि तोवर तुझी तीन वर्षांची पार दमलेली असेल. पहाटे ती ताजी असते आणि तुम्हीही.

त्यासाठी राहायचं जवळ. कोनाच्या बाजूला छान हॉटेलं आणि बीच आहेत म्हणून सगळे तिथेच राहतात आणि एका दिवसात ज्वालामुखी "करून" येतात, पण ते जायला सव्वादोन-अडीच तास आणि यायला तेवढेच, मुलांची आणि आजी-आजोबांची वाट लागते. तीन रात्री व्होल्कॅनो गावात काढा, पार्कपासून काही मिनिटांवर आहे, किंवा मग हिलोत, तिथून पाऊण तास. नंतरचे दिवस कोनाला बीचवर. गाडीचं तिकीट ३० डॉलर आणि ते सात दिवस चालतं, त्यामुळे थोडं थोडं बघा, दुपारी झोपायला परत या, पुन्हा जा. जागा चार हजार फुटांवर आहे, महाबळेश्वरच्या थोडी खाली, आणि हवा पण जवळपास महाबळेश्वरचीच, घटकेत ऊन घटकेत पाऊस. हवाई म्हणून सगळी बॅग शॉर्ट्स आणि फ्रॉकनी भरू नकोस. फुल पँट आणि बंद बूट हवेतच, थंडीसाठी तर हवेतच पण मुख्य म्हणजे लाव्हावर पडलं की गुडघा काचेवर घासल्यासारखा सोलवटतो.

कारसीटही स्वतःच्या घेऊन जा, विमान कंपन्या सहसा त्याचे पैसे घेत नाहीत. आम्ही भाड्याच्या गाडीबरोबर दोन बुक केल्या होत्या, रात्री उतरलो तर काउंटरवर एकच होती आणि दुसरीसाठी झोपलेली पोर खांद्यावर घेऊन दीड तास उभे होतो.

दम्याचं मात्र गंभीरपणे घ्यायचं. डॉक्टरांशी निघायच्या आधी बोल, पंप पर्समध्ये आणि एक जास्तीचा पंप गाडीत. ज्वालामुखीतून सल्फर डायऑक्साइड निघतो, त्याचं धुरकं होतं, त्याला तिथे व्हॉग म्हणतात. वारा नेहमीसारखा ईशान्येकडून असेल तर ते नैऋत्येला जातं आणि हिलोची बाजू बरीचशी स्वच्छ राहते, पण वारा फिरला की चित्र बदलतं, म्हणून पार्कची हवेची माहिती रोज सकाळी बघायची. गंधकाचे पिवळे साठे आहेत तिथे, सल्फर बँक्स, फोटोत फार सुरेख दिसतात, पण दमा असलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी तिथे जाऊ नये असं पार्कवालेच सांगतात. तुमच्याकडे दमा पण आहे आणि लहान मूल पण, तर ते सोडाच. कारंजी उडत असतील तेव्हा वाऱ्याबरोबर बारीक खडी आणि काचेच्या केसांसारखे धागे पडतात, पेलेदेवीचे केस म्हणतात त्यांना, ते डोळ्यांत आणि कातडीत टोचतात. पडायला लागले की कितीही सुंदर दृश्य असो, गाडीत बसायचं, काचा बंद, आणि निघायचं. कुणाचाही "अजून पाचच मिनिटं" ऐकायचा नाही, नवऱ्याचा पण नाही.

आणि मौना केआ नको. १३,८०३ फूट आहे तो. समुद्रकाठावरून दोन तासांत तेवढ्या उंचीवर गेलं की धडधाकट माणसाचं डोकं धरतं. माथ्यावर लहान मुलांनी, गरोदर बायकांनी आणि श्वासाचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी जाऊ नये असा तिथला अधिकृत सल्ला आहे. मित्र गेले असतील, त्यांच्याकडे तीन वर्षांचं मूल, दमा आणि सत्तरीतली माणसं एकाच गाडीत नव्हती.

आता ज्यासाठी मी हे उत्तर एवढं लांबवलंय ते. २०२४ च्या नाताळच्या दिवशी, म्हणजे कारंजी सुरू झाल्यावर दोनच दिवसांनी, तिथे एक चिमुकलं मूल घरच्यांपासून सुटून सरळ कड्याच्या दिशेने पळालं. खाली ४०० फूट. आई किंचाळत धावली आणि अगदी काठापासून फूटभरावर तिने त्याला धरलं. पार्कनेच नंतर हे लोकांना कळवलं, की बाकीचे सावध व्हावेत. सगळे लाव्हाकडे बघत होते ना, त्यात कुणाचं काय चुकलं, एवढं मोठं काहीतरी समोर असताना माणूस बघणारच. म्हणून बघायच्या आधी ठरवायचं. तुम्ही चार मोठी माणसं आहात आणि हाच खरा धोका आहे, कारण चौघांनाही वाटतं की छोटी दुसऱ्या कुणाकडे आहे. आमच्याकडे नियम होता, मूल हातात देताना तोंडाने बोलायचं. "छोटी माझ्याकडे." घेणाऱ्याने पण म्हणायचं, "घेतली." हे म्हटल्याशिवाय हात सोडायचा नाही. काठावर असताना तिला खाली सोडूच नका, पाठीवरच्या कॅरियरमध्ये बांधा, रडली तर रडू दे. ज्याच्याकडे ती आहे त्याने फोटो काढायचे नाहीत, लाव्हाकडे बघायचं असेल तर आधी तिला दुसऱ्याकडे द्यायचं आणि मग बघायचं. काठावर एका वेळी वीस मिनिटं पुरे.

बाकी पळायला तिला जागा आहे, डेव्हास्टेशन ट्रेल म्हणून डांबरी पायवाट आहे, अर्धा मैल जायला अर्धा यायला, स्ट्रोलर जातो, आजी-आजोबांनाही सोपी. १९५९ मध्ये शेजारच्या किलाउएआ इकीचं कारंजं १,९०० फूट उडालं होतं, त्याच्या खडीने इथलं रान गाडलं गेलं, आणि आता त्यातून परत झाडं येतायत. नाहुकू ही लाव्हाची गुहा मुलाला प्रचंड आवडेल, वरून लाव्हा थिजला आणि आतून वाहून गेला, मागे बोगदा उरला. आत दिवे आहेत पण जमीन ओली आणि उंचसखल, पायऱ्या आहेत, तिथे स्ट्रोलर नाही चालत. सकाळी लवकर जा, नंतर पार्किंग मिळत नाही. दोघांना एकेक छोटा टॉर्च स्वतःचा दे, एकच दिलास तर गुहा राहील बाजूला. आणि मुलाला पहिल्याच दिवशी ज्युनियर रेंजरचं पुस्तक घेऊन दे, फुकट असतं, ते भरून दाखवलं की रेंजर शपथ देऊन बिल्ला देतात. लाव्हा दिसो न दिसो, तो बिल्ला तो वर्षभर दप्तराला लावून फिरेल.

खाण्याचं आपलं आपण न्यायचं, विशेषतः चेन ऑफ क्रेटर्स रोडला, जाऊन-येऊन ३८ मैल, वाटेत पेट्रोल नाही, खायला काही नाही. दगड मात्र एकही खिशात घालू द्यायचा नाही, कायद्याने मनाई आहेच, आणि तिथल्या लोकांसाठी ती पेलेदेवीची जागा आहे, हालेमाउमाउ हे तिचं घर. बाहेरून येणाऱ्यांनी उचलून नेलेले दगड पोस्टाने परत पाठवल्याचं दरवर्षी होतं. सासूबाई काठावर उभ्या राहून आपसूक हात जोडतील बघ, त्यांना हे वेगळं समजावावं लागणार नाही.

आणि त्यांच्या प्रश्नाचं, की लेकरं तिथे न्यायची कशाला. चेन ऑफ क्रेटर्स रोडवरच खालच्या अंगाला पुउलोआ नावाची जागा आहे. लाव्हाच्या कातळावर २३,००० च्या वर कोरीव खुणा आहेत, त्यात नुसते वाटीसारखे छोटे छोटे खळगे हजारोंनी. बाळ झालं की हवाईचे लोक त्याच्या नाळेचा तुकडा तिथे आणून खळग्यात ठेवायचे, बाळाला आयुष्य लाभावं म्हणून. ज्वालामुखीच्या अंगावर. आपल्याकडे नाळ पुरतात, आणि "माझी नाळ इथे पुरलीये" असं माणसं गावाबद्दल म्हणतात, तसंच. सासूबाईंना निघायच्या आधी एवढं सांग. चालायचं म्हटलं तर जाऊन-येऊन जवळजवळ दीड मैल आहे, उंचसखल आणि सावली अजिबात नाही, त्यामुळे गुडघे दुखत असतील तर त्या आणि छोटी गाडीपाशी थांबू देत, तू मुलाला घेऊन जा, सकाळी नऊच्या आत, पाणी आणि टोपी घेऊन. खळग्यांवर पाय पडू द्यायचा नाही, शेवटी लाकडी फळ्यांची वाट केलीये, तिच्यावरूनच चालायचं.